फॅक्टरचा डबा

पेशंट वॉर्डात आला तो थर्माकोलचा डबा छातीशी धरून. मागे आई, तिच्या हातात फायलींची पिशवी. मुंबईतल्या त्या सार्वजनिक रुग्णालयाच्या हृदयशस्त्रक्रिया वॉर्डात लोक काय काय घेऊन येतात: अंगारा, घरचं तूप, शेजाऱ्याने दिलेली दुसऱ्याच कुणाची तरी एक्स-रे फिल्म. पण हा डबा नवीन होता. वॉर्डाचे मामा तो उचलून खिडकीत ठेवायला निघाले. "मामा, उन्हात नको. फ्रिजमध्ये ठेवा. पण बर्फाच्या कप्प्यात नाही, खाली." हे तो इतक्या सवयीच्या आवाजात म्हणाला, की राउंडला आलेल्या भूलतज्ज्ञ मॅडम दारातच थांबल्या.

डब्यात बर्फाच्या पाकिटांमध्ये फॅक्टर आठच्या बाटल्या होत्या. सातारा जिल्ह्यातलं गाव ते मुंबई, एवढ्या प्रवासात कुठे ब्लीड झालंच तर हाताशी असाव्यात म्हणून. वय २६, वजन ५२ किलो, मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान. उजवा गुडघा लहानपणापासून आत रक्त साचून साचून आखडलेला, म्हणून बसून करायचं काम निवडलेलं. जन्मापासून हिमोफिलिया ए, आणि दहाव्या वर्षी घसा दुखून, सांधे सुजून झालेला संधिवाताचा ताप. त्या तापाने हृदयाची डावीकडची माइट्रल झडप खाल्ली होती. आई दोन्ही रोगांची ओळख एका दमात करून द्यायची: "एक माझ्या माहेरचं, एक त्याच्या नशिबाचं."

त्याच संध्याकाळी रेसिडेंट डॉक्टरचा पहिला धडा झाला, आणि तो पेशंटने दिला. फॅक्टर ही बाटलीच्या तळाशी बसलेली पांढरी भुकटी असते. सोबतचं पाणी त्यात सोडायचं आणि विरघळवायचं. रेसिडेंटने सवयीप्रमाणे बाटली खाली-वर हलवायला घेतली. "डॉक्टर, हलवू नका. तळहातांत धरून गोल फिरवा. ताक नाही ते. फेस आला की औषध वाया." मग शिरेचा प्रश्न. "डाव्या कोपराची घेऊ नका, ती जपून ठेवलीय. मनगटाच्या अंगठ्याकडची बघा, तिथे मिळते." सुई निघाल्यावर बोळा किती वेळ दाबून धरायचा हेही त्यानेच सांगितलं, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पाच मिनिटं स्वतःच धरला.

मॅडम बावीस वर्षं हृदयाच्या शस्त्रक्रियांना भूल देतायत. या काळात झडपेचे पेशंट त्यांनी शेकड्यांनी पाहिले, पण रक्त न गोठण्याचा जन्मजात आजार असलेले झडपेचे पेशंट दोन्ही हातांच्या बोटांवर मोजण्याइतकेच. त्या सगळ्यांची नोंद त्यांच्या एका लांब, रेघी वहीत आहे. ही वही म्हणजे शोधनिबंध नव्हे. त्यात वजनं, युनिट, वेळा, आणि मधूनमधून स्वतःलाच दिलेल्या शिव्या आहेत.

घोटाळा नेमका कुठे आहे ते आधी सांगायला हवं. रक्तात गोठण्याच्या कामाला लागणारी प्रथिनं असतात, त्यांना फॅक्टर म्हणतात. त्यातला आठवा कमी तो हिमोफिलिया ए, नववा कमी तो हिमोफिलिया बी. निरोगी माणसात आठव्याची पातळी ५० ते १५० टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असते. एका टक्क्याच्या खाली असेल तर आजार तीव्र, १ ते ५ मध्यम, त्यावर ४० पर्यंत सौम्य. या मुलाची पातळी ३ टक्के होती. म्हणजे आपोआप रक्तस्राव क्वचित, पण मार लागला, दात काढला की रक्त थांबायचं नाव नाही. आणि उघड्या हृदयावर शस्त्रक्रिया करायची तर माणसाला हृदय-फुप्फुस यंत्रावर, म्हणजे ओटीच्या भाषेत 'पंपवर' घ्यावं लागतं. १९५३ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी पहिल्यांदा ते यशस्वीपणे वापरलं. शरीरातलं सगळं रक्त प्लास्टिकच्या नळ्यांतून बाहेर जाणार, ऑक्सिजन घेऊन परत येणार. प्लास्टिकला लागलं की रक्त गोठतं. म्हणून पंपवर घेण्याआधी हेपरिन देऊन रक्ताचं गोठणं मुद्दाम, पुरतं बंद पाडावं लागतं.

म्हणजे ज्याचं रक्त गोठत नाही त्याला आधी औषध देऊन गोठेल असं करायचं, लगेच दुसरं औषध देऊन ते गोठणं मोडून टाकायचं, काम झालं की तिसरं देऊन पुन्हा गोठवायचं. पेशंटच्या आईला हे समजावताना मॅडमनी हातवारे केले, कागदावर बाण काढले. माउली शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हणजे विहीर भरायची, उपसायची आणि परत भरायची." मॅडमनी ते वाक्य वहीत लिहून ठेवलंय.

माहेरचं म्हणजे काय, तेही तिनेच सांगितलं. तिचा धाकटा भाऊ चौदाव्या वर्षी दाढ काढल्यावर तीन दिवस रक्त जाऊन गेला. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. आई वाहक असली की तिला सहसा स्वतःला फारसा त्रास होत नाही, पण होणाऱ्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. त्यामुळे रोगाचा माग काढताना डॉक्टर हटकून मामाची चौकशी करतात. केसपेपरवर 'मामा: मृत्यू, रक्तस्राव' एवढंच लिहिलं होतं. त्या ओळीमागे एक चौदा वर्षांचा मुलगा आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतंच असं नाही.

संधिवाताच्या तापाची कथा मात्र निव्वळ दैवाची नव्हती. हा ताप एकदा येऊन गेला की घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंनी पुन्हा हल्ला करू नये म्हणून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं १२ लाख युनिटांचं इंजेक्शन देतात. ते कमरेत, स्नायूत द्यावं लागतं. हिमोफिलियात स्नायूत सुई खुपसायची म्हणजे आत रक्ताचं गाठोडं बांधून द्यायचं. तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात अकराव्या वर्षी त्याला ते दिलं गेलं. मांडी सुजून नारळाएवढी झाली, पंधरा दिवस पोर अंथरुणावर. त्यानंतर घरच्यांनी पेनिसिलिनच बंद केलं. त्यांना दोष कसा द्यावा? तेच पेनिसिलिन गोळीच्या रूपात, सकाळ-संध्याकाळ, तोंडाने घेता येतं. हे एक वाक्य त्यांना त्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तर झडपेवरचे पुढचे घाव कदाचित टळले असते. मॅडमच्या वहीत या पानावर पेन दोनदा फिरवलंय.

झडप कुठली बसवायची यावर बैठक झाली तेव्हा चहा दोनदा आला. नुसती अरुंद झालेली माइट्रल झडप असती तर प्रश्न सोपा होता. जपानचे कान्जी इनोउए यांनी १९८० च्या दशकात आणलेला फुगा मांडीच्या शिरेतून हृदयात नेऊन झडप फाकवता येते. छाती उघडायची नाही, पंप नाही. पण याची झडप अरुंदही होती आणि गळतही होती, वर चुन्याने कडक झालेली. फुग्याने ती फाटली असती. म्हणजे बदलणं आलं.

बदलायच्या झडपा दोन जातींच्या. धातूची झडप वर्षानुवर्षं टिकते. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली बनलेली आणि १९९० च्या डिसेंबरात पहिल्यांदा माणसाला बसवलेली चित्रा झडप या जातीची. परदेशी झडपेहून स्वस्त, म्हणून सार्वजनिक रुग्णालयांना तिचा मोठा आधार. पण धातूच्या झडपेवर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि दर थोड्या दिवसांनी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, तपासून तो माइट्रलच्या जागी साधारण २.५ ते ३.५ मध्ये राखावा लागतो. दुसरी जात डुकराच्या झडपेची किंवा गाईच्या हृदयावरणाची. तिला ती गोळी फार तर पहिले काही महिने लागते, पण ती झिजते, आणि तरुण माणसात लवकर झिजते. विशीतल्या मुलाला बसवली तर दहा-बारा वर्षांत पुन्हा टेबलावर.

एका हुशार रेसिडेंटने शंका काढली. "मॅडम, याचं रक्त निसर्गानेच पातळ केलंय. धातूची बसवू. गोळीही नको, पुन्हा ऑपरेशनही नको." सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. शंका मूर्खपणाची नव्हती. पण फॅक्टर आठ कमी असला तरी त्याच्या प्लेटलेट चांगल्या होत्या, गोठण्याच्या बाकीच्या वाटाही चालू होत्या. धातूवर गुठळी धरणारच नाही याची हमी ३ टक्के देत नाहीत. शिवाय उद्या गुडघ्यात रक्त भरलं की त्याला फॅक्टर द्यावा लागणार, आणि ज्या घटकेला फॅक्टर चढला त्या घटकेला झडप उघडी पडली. एका हाताने गोळी आणि दुसऱ्या हाताने फॅक्टर, अशी कसरत गावात कोण सांभाळणार? शेवटी जैविक झडप ठरली. दुसऱ्या शस्त्रक्रियेचं कर्ज डोक्यावर घेऊन, डोळे उघडे ठेवून. मुलाला हे जसंच्या तसं सांगितलं. त्याने एकच विचारलं: "दुसऱ्या वेळेला पण फॅक्टर मिळेल ना?"

त्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. मॅडम शिकत होत्या तेव्हा फॅक्टरच्या बाटल्या दुर्मीळ होत्या. क्रायोच्या पिशव्या वापरत. गोठवलेला प्लाझ्मा हळूहळू वितळवला की तळाशी जो गाळ उरतो त्यात फॅक्टर आठ भरपूर असतो, हे जुडिथ पूल यांनी १९६४-६५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात दाखवलं. पण एका पिशवीत साधारण ८० ते १०० युनिट. या मुलाला पहिल्याच डोसला २५०० युनिट हवे होते, म्हणजे पंचवीस-तीस रक्तदात्यांच्या पिशव्या, त्याही एका सकाळी. आणि प्रत्येक पिशवीबरोबर काय काय येईल याची धास्ती वेगळी. ज्या मुलाच्या आडनावावरून हिमोफिलिया बी ला 'ख्रिसमस रोग' म्हणतात तो स्टीफन ख्रिसमस रक्तातूनच एचआयव्ही लागून १९९३ मध्ये गेला. आता विषाणू मारलेला किंवा प्रयोगशाळेत बनवलेला फॅक्टर मिळतो. महाराष्ट्रात तो सरकारी व्यवस्थेतून विनामूल्य देतात. साताऱ्यात, नाशकात, अमरावतीत, ठाण्यात जिल्हा पातळीवर हिमोफिलियाची डे केअर केंद्रं आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाची नोंद झाली ती वेगळीच. हे सगळं खरं. पण रोज गुडघ्यासाठी दोन बाटल्या मिळणं निराळं आणि एका माणसासाठी पंधरा दिवसांत चाळीस हजार युनिट मिळणं निराळं.

चाळीस हजाराचा आकडा मॅडमनी वहीत मांडला होता. किलोमागे एक युनिट दिलं की आठव्या फॅक्टरची पातळी साधारण २ टक्क्यांनी चढते. ३ वरून १०० वर न्यायचं तर ५२ किलोला अडीच हजार. पण आठ ते बारा तासांत त्यातला निम्मा संपतो. म्हणून सतत भर घालावी लागते: पहिले तीन दिवस ८० च्या आसपास राखायचं, मग ५० च्या, मग टाके निघेपर्यंत ३० च्या खाली जाऊ द्यायचं नाही. बेरीज करा, मग सांडलवंड, मग 'समजा पुन्हा उघडावं लागलं तर'. मागणीपत्रं, सह्या, फोन, पुन्हा सह्या यांत तीन आठवडे गेले. पेशंट वॉर्डात बसून सिस्टरांचे मोबाइल दुरुस्त करून देत होता.

या तीन आठवड्यांत एक तपासणी मात्र त्यांनी दोनदा करून घेतली: इनहिबिटरची. बाहेरून दिलेल्या फॅक्टरलाच शरीर कधीकधी शत्रू समजतं आणि त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं. तीव्र हिमोफिलिया ए मध्ये हे सुमारे तीस टक्के पेशंटना होतं. मग चाळीस हजार काय, लाख युनिट ओतले तरी पाण्यात. इनहिबिटर निगेटिव्ह आल्यावरच तारीख ठरली. आणि ठरली ती मंगळवारची. सोमवार नको, कारण रविवारी तयारी होत नाही. गुरुवार-शुक्रवार तर नकोच, कारण शनिवार-रविवारी फॅक्टरची पातळी मोजणारी लॅब बंद. अशा पेशंटचं ऑपरेशन लॅबचं वेळापत्रक बघून ठरवायचं असतं, हे मॅडम नव्या रेसिडेंटला पहिल्या दिवशी सांगतात. मुहूर्त बघणाऱ्या नातेवाइकांनाही तेच सांगतात.

वहीतली दुसरी पानंही इथेच उलटायला हवीत, कारण रक्ताचा रिपोर्ट वाचायची अक्कल मॅडमना त्या पानांनी दिली. एका बाईंचं झडपेचं ऑपरेशन दुसऱ्या एका रुग्णालयाने दोनदा पुढे ढकललं होतं. त्यांच्या रक्ताचा एपीटीटी, म्हणजे परीक्षानळीत गोठायला लागणारा वेळ, शंभर सेकंदांच्या वर, नेहमीच्या तिप्पट. कागद बघून घाम फुटावा. मॅडमनी खुर्ची ओढली आणि विचारलं, बाळंतपणं किती? दोन. तेव्हा रक्त जास्त गेलं? नाही. दात काढलाय? तीन. विळीवर हात कापला तर? "कापला तर कापला, बाई. हळद लावायची." त्यांच्यात बारावा फॅक्टर नव्हता. तो नसला की परीक्षानळीत रक्त गोठत नाही, शरीरात मात्र बिनतक्रार गोठतं. हा दोष पहिल्यांदा सापडला तो अमेरिकेतल्या जॉन हेगमन नावाच्या रेल्वे कर्मचाऱ्यात, १९५० च्या दशकात. तो माणूस रक्तस्रावाने मेला नाही. १९६८ मध्ये गेला तो फुप्फुसात गुठळी अडकून.

उलट बाजूचं पान एका सत्तरीच्या आजोबांचं. महाधमनीची झडप सुईच्या भोकाएवढी झालेली आणि आतड्यातून वारंवार रक्त जायचं. दोन रोग समजून दोन विभागांत फिरवलेले. अमेरिकेतल्या एडवर्ड हाइड या डॉक्टरांनी ही जोडगोळी १९५८ मध्येच एका छोट्या पत्रात नोंदवली होती. अरुंद झडपेतून रक्त सुसाट जाताना फॉन विलेब्रँड नावाच्या प्रथिनाच्या लांब साखळ्या ताणून उलगडतात आणि रक्तातलंच एक विकर त्यांचे तुकडे करतं. हे तेच प्रथिन, ज्याच्या जन्मजात कमतरतेचं वर्णन फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रँड यांनी १९२६ मध्ये ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबावरून केलं. त्या घरातली योर्डिस नावाची मुलगी तेराव्या वर्षी मासिक पाळीतल्या रक्तस्रावाने गेली होती. आजोबांचा आजार जन्मजात नव्हता, झडपेने दिलेला होता. झडप बदलली, आतड्यातलं रक्त थांबलं. म्हणजे एका पेशंटला रक्तस्रावाच्या भीतीने झडप नाकारायची, आणि दुसऱ्याचा रक्तस्राव झडप बदलल्याशिवाय थांबणारच नाही. कागदावर दोघांपुढे एकच शेरा असतो: 'रक्तस्रावाचा धोका'.

मंगळवारी सकाळी सहाला फॅक्टर दिला. अर्ध्या तासाने रक्त काढून लॅबला, साडेसातला फोन: १०२ टक्के. त्यानंतरच गळ्यातली मोठी लाइन, तीही सोनोग्राफीवर बघत, पहिल्याच टोचणीत. अन्ननलिकेतून हृदय बघणारी नळी नेहमीपेक्षा दुप्पट जेली लावून, अलगद. ट्रानेक्झॅमिक ॲसिड चालू. रक्ताची धरलेली गाठ विरघळू न देणारं हे स्वस्त औषध जपानच्या उताको ओकामोतो यांच्या संशोधनातून आलेलं. मग छाती उघडली, आणि पंपवर घ्यायची वेळ आली तेव्हा मॅडमनीच, रात्रंदिवस जमवलेल्या त्या फॅक्टरवर पाणी ओतावं तसं, १५,६०० युनिट हेपरिन शिरेत सोडलं. ते देताना हात क्षणभर थांबला, असं त्या सांगतात. हेपरिनचा परिणाम दाखवणारी गोठण्याची वेळ, म्हणजे एसीटी, ११८ सेकंदांवरून ५०० च्या वर गेली. पंप चालू.

पुढचा दीड तास सर्जनचा. झडप निघाली ती पिवळट, कडक, चिंचेच्या टरफलासारखी.

पंपवरून उतरवल्यावर प्रोटामिन दिलं. हेपरिनचा उतारा म्हणून वापरलं जाणारं हे औषध माशाच्या वीर्यापासून काढतात, हे ऐकून प्रत्येक नवा विद्यार्थी तोंड वाकडं करतो. पाठोपाठ फॅक्टरचा दुसरा मोठा डोस, कारण पंपच्या पाण्याने रक्त पातळ होऊन पातळी उतरलेली असणार. सॅम्पल लॅबला गेलं आणि दहा मिनिटांत तिथल्या टेक्निशियनचा फोन: "मॅडम, हे हेपरिनच्या लाइनमधून काढलेलं दिसतंय. रिपोर्ट करू नको ना? दुसरं पाठवा. आणि निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरा." रेसिडेंटने धमनीच्या लाइनमधलं पहिलं रक्त टाकून न देताच नळी भरली होती, तीही अर्धी. तो रिपोर्ट तसाच आला असता तर पातळी भलतीच कमी दिसून चार हजार युनिट विनाकारण गेले असते. त्या दिवशी टेक्निशियनची ड्यूटी चारला संपत होती. तो रात्री साडेबारापर्यंत थांबला.

तो थांबला म्हणून पुढचं निभावलं. अतिदक्षता विभागात छातीतल्या ड्रेनमध्ये पहिल्या तासाला १५० मिलि रक्त आलं. दुसऱ्या तासाला २२०. तिसऱ्याला २४०. सिस्टर बाटलीवर टेपच्या पट्ट्या चिकटवून वेळा लिहीत होत्या आणि पट्ट्यांमधलं अंतर वाढत होतं. सर्जन म्हणाले, हिमोफिलिया आहे, एवढं जाणारच, फॅक्टर वाढवा. मुद्दा स्वाभाविक होता. रोगाचं नाव एवढं मोठं, की त्याच्या सावलीत सगळं खपून जातं. मॅडमनी लॅबला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. फॅक्टर आठ: ९४ टक्के. प्लेटलेट एक लाख तीस हजार. एसीटी १२४. हेपरिन उरलेलं नाही, अंग गरम आहे.

"सर, आत्ता याच्या अंगात हिमोफिलिया नाहीये," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या-माझ्यातसुद्धा याहून कमी असेल."

सर्जनने एक मिनिट ड्रेनकडे बघितलं, मग ओटीला कळवायला सांगितलं. याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. कित्येकांना ते मिनिट सकाळपर्यंत पुरतं. आणखी एक हजार युनिट देऊन साडेअकराला छाती पुन्हा उघडली. छातीचं हाड बांधायला घातलेल्या तारेच्या भोकाशी, हाडामागे, एक बारीक धमनी चिळकांडी मारत होती. एक टाका. ड्रेन पुढच्या तासाला ४० मिलि.

बाहेर मुलाची आई बाकावर बसून होती. तिला काय सांगायचं? मॅडमनी सरळ सांगितलं, एक रक्तवाहिनी वाहत होती, बांधली. हे त्याच्या आजाराने झालं नाही, कुणालाही होऊ शकलं असतं. बाई रडली. मॅडमना वाटलं, काळजीने. ती म्हणाली, "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, माझ्यामुळे नाही झालं."

त्यानंतरचे बारा दिवस निव्वळ हिशेबाचे. लॅब चालू असेल त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ पातळी, त्याप्रमाणे डोस, वहीत रकाना. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं. रक्तस्राव वाढवणाऱ्या नेहमीच्या वेदनाशामकांवर काट. सगळं मिळून ३८ हजार युनिट लागले. उरलेल्या बाटल्या त्याच्या नावाने ठेवाव्यात की परत कराव्यात यावर स्टोअरमध्ये झालेला वाद इथे सांगण्यासारखा नाही.

मॅडमच्या मते पुढची अडचण वेगळीच असेल. आता एमिसिझुमॅब हे नवं इंजेक्शन आलंय. कातडीखाली घ्यायचं, काहींना तर महिन्यातून एकदाच. ते फॅक्टर आठचं काम करतं, पोरं फुटबॉल खेळायला लागलीत. पण ते अंगात असलं की एपीटीटी चांगला दिसतो आणि एसीटी खोटाच आखूड येतो. म्हणजे पंपवर हेपरिन पुरेसं झालं की नाही हे ज्या आकड्यावर ठरवायचं तोच आकडा फसवणार. अशा पेशंटचं पान वहीत अजून कोरं आहे. त्यावर फक्त 'हेपरिन वेगळ्या पद्धतीने मोजणे, लॅबशी आधी बोलणे' एवढं लिहून ठेवलंय.

मुलगा महिन्याने तपासणीला आला. तोच थर्माकोलचा डबा, आता कडेला चिकटपट्टी लावलेला. इकोत झडप छान उघडत होती. एवढा फॅक्टर एकदम दिल्यावर इनहिबिटर नव्याने उगवू शकतो म्हणून ती तपासणी पुन्हा केली, निगेटिव्ह. पेनिसिलिनची गोळी सकाळ-संध्याकाळ घेतो, दुकानाच्या ड्रॉवरमध्ये सुट्या भागांच्या डबीशेजारी तिची डबी आहे. मॅडमनी त्याच्या फायलीच्या पहिल्या पानावर लाल शाईने मोठ्या अक्षरात लिहून दिलंय: 'हिमोफिलिया ए. कमरेत, दंडात, कुठेही स्नायूत इंजेक्शन देऊ नये.' त्याने त्याचा फोटो मोबाइलच्या पडद्यावरच लावून टाकला. तुमच्या घरात, आळीत, वर्गात असं कुणी पोर असेल तर तेवढी ओळ आजच त्याच्या फायलीवर लिहा, आणि ताप आला की डॉक्टरांनी सिरिंज हातात घेण्याआधी ती दाखवा.